राक्षसाला आडवं करणाऱ्या बाईचा पोवाडा

गादीवालीचं दुकान बाजाराच्या गल्लीत, लोहार आणि भट्टीवाला यांच्या मधोमध होतं. भट्टीवाल्याने भट्टी पेटवायला एक म्हातारा, दात पडलेला ड्रॅगन पाळला होता. थंडीत त्याला खोकला झाला की ठिणग्या थेट गल्लीत उडत, आणि गादीवाली आपल्या कापसावर ओली गोणपाटं टाकत टाकत ड्रॅगनच्या आणि भट्टीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. तिचा आवाज असा होता की पलीकडच्या गल्लीतली माणसंही आपलं काही चुकलं का, ते आठवून बघत.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागच्या अर्ध्यात तिचा नवरा पाठीमागे भिंत घेऊन कापूस पिंजत बसे. धनुकलीच्या तारेचा टुंग टुंग आवाज दिवसभर चाले, आणि त्याच्या भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची लव साचे. बोलणं कमी. लग्नाच्या वेळी तो बराच बोलका होता म्हणतात; पण बायकोच्या बोलण्यात फट सापडेपर्यंत सांगायचं काय होतं तेच तो विसरून जाई, आणि हळूहळू त्याने नाद सोडला. दाराशी सासूबाई बसत. त्यांच्याकडे उशांना गाठी मारायचं काम होतं. कानांनी त्यांना कमी ऐकू येई, पण जे ऐकू येई त्यावर त्यांचा ठाम विश्वास असे.

गादीवालीला आपल्या टाक्याचा फार गर्व. तिचा टाका दुहेरी. दुसऱ्या कुणाची एकेरी टाक्याची गादी दिसली की ती तोंड फिरवून घेई. शिवाय माणूस दुकानात शिरला की त्याच्याकडे नुसतं बघून तो कसा झोपतो ते ती सांगे. तुम्ही उजव्या कुशीवर झोपता, पाय पोटाशी घेता आणि पांघरूण एकट्याच्या अंगावर ओढता, असं ती भर दुकानात, बायकोसमोर सांगून टाकी. निम्म्या वेळा ते साफ चुकलेलं असे. पण ती सांगायचीच अशी की माणूस घरी जाऊन निमूटपणे उजव्या कुशीवर झोपायला लागे.

गावाचा सगळा कापूस घाटापलीकडून यायचा. घाटात एक राक्षस राही. तो कित्येक पिढ्यांपासून तिथेच होता आणि त्याचा कुणाला उपद्रव नव्हता. गाडीवान त्याला हात करत, तो मान हलवी, आणि चिखलात गाडी रुतली तर दोन बोटांनी उचलून पुढे ठेवी. पण त्या वर्षी त्याचं काय बिनसलं कोण जाणे. तो रस्त्यावर धोंडे फेकू लागला, रात्रभर ओरडू लागला, आणि एका गाडीची चाकं त्याने बिस्किटं मोडावीत तशी मोडली. गाडीवानांनी घाट सोडला. नगरप्रमुखांनी सभा घेतली. त्या सभेत राक्षसाचा निषेध झाला आणि सगळे घरी गेले.

गादीवालीचा कापूस पलीकडे अडकून पडला. नवऱ्याची धनुकली थांबली. घरात एवढी शांतता झाली की तिला स्वतःचाच आवाज नकोसा वाटू लागला. ती चार दिवस थांबली असेल नसेल, मग चपला घातल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "चला, बघून येऊ त्या मेल्याला काय झालंय ते."

नवऱ्याने विचारलं की सोबत काही हत्यार घ्यायचं का. तिने मापाची दोरी घेतली.

राक्षस वळणावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. डोळे तांबडेलाल, त्यांच्याखाली काळी वर्तुळं, आणि मान एका बाजूला वाकडी. नवरा एका दगडाआड गेला. गादीवालीने मात्र राक्षसाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि तिला एकदम सगळं कळलं.

"तुम्हाला झोप नाही," ती म्हणाली.

राक्षसाने मान वर केली. त्याला रागवायचं होतं, पण त्याऐवजी त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने सांगितलं ते असं: त्याची गुहा पुरात खचली. तीत त्याच्या आईच्या हातचं शेवाळाचं अंथरूण होतं, ते वाहून गेलं. तेव्हापासून तो खडकावर झोपतो, म्हणजे पडतो, झोप नाहीच. कूस बदलली की दरड कोसळते, आणि त्या आवाजाने डोळा लागलाच असेल तर उघडतो. रात्र रात्र जागून काढल्यावर सकाळी गाड्यांचा खडखडाट सुरू झाला की त्याचं डोकं फिरतं. चाकं मोडल्याचं त्याला वाईट वाटत होतं.

गादीवालीने त्याला आडवं व्हायला सांगितलं आणि दोरीने माप घ्यायला सुरुवात केली. दोरी पुन्हा पुन्हा लावावी लागली. खांद्यापासून पोटरीपर्यंत पोचली तेव्हा ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती. पोटरीला टेकून उभं राहिल्यावर कुणाला अहोजाहो करणं तिला जमत नसे. "पोटावर झोपतोस ना? तरीच मान धरलीय," असं ती त्याला दटावून म्हणाली, आणि तो ओशाळला.

अडकलेल्या सगळ्या गाड्यांमधला कापूस त्या एका गादीत गेला. खोळीला जत्रेच्या तंबूचं कापड घेतलं. लोहाराने लोखंडी गजाची दाभण करून दिली, ती गादीवालीच्या उंचीची होती. डोंगरावरच्या माळावर नवरा दिवस दिवस पिंजत होता, ती टाके घालत होती, आणि राक्षस कापसाचे ढीग ओंजळीने आणून ओतत होता. शेवटी खोळीचं तोंड शिवायचं राहिलं. नवरा कोपऱ्यात कापूस नीट दाबायला आत शिरला. आत मऊ होतं, ऊबदार होतं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बायकोचा आवाज अगदी लांबून येत होता. त्याला तिथेच झोप लागली. गादीवालीने खोळीचं तोंड शिवून टाकलं. राक्षस अंग टाकणार एवढ्यात गादी घोरायला लागली. मग टाके उसवले, नवरा बाहेर काढला, त्याच्या तोंडातला कापूस काढला, आणि पुन्हा सगळं शिवलं. दुहेरी टाका उसवावा लागल्याचं दुःख तिला नवरा आत कोंडल्यापेक्षा जास्त झालं.

राक्षस गादीवर आडवा झाला आणि तीन आठवडे उठला नाही. घाट मोकळा झाला. लोकांनी गादीवालीचं कौतुक केलं, आणि पुढच्या आठवड्यात ते विसरून गेले.

हे सगळं इथेच संपलं असतं, पण पावसाळ्यानंतर गावात एक शाहीर आला. उंच, सडपातळ, गळ्यात डफ, आणि पोवाड्यासाठी विषय शोधत फिरणारा. राजे लोक हल्ली लढत नव्हते, त्यामुळे त्याचे हाल होते. लोहाराने त्याला शेजारच्या दारात धाडलं.

गादीवालीला ऐकणारा माणूस मिळाला म्हणजे सण. तिने त्याला उशीवर बसवलं, चहा दिला आणि हातातलं शिवण न सोडता सगळं सांगितलं. शाहीर अधूनमधून एखादा प्रश्न विचारी. राक्षसाचं काय केलंत? आडवा केला, ती म्हणाली. एकटीने? हो, एकटीनेच, बाकीचे सभा घेत होते. हातात काय होतं? तिने कोपऱ्यात उभी केलेली दाभण दाखवली. शाहिराने तिच्या टोकाला बोट लावून बघितलं आणि श्वास आत घेतला. रक्त सांडलं का? भरपूर, ती म्हणाली, अंगठ्याची अजून खूण आहे. आणि यजमान? ते होते ना बरोबर?

"होते की," गादीवाली दोरा दाताने तोडत म्हणाली. "पण ते आतच राहिले."

शाहिराने डोळे मिटून घेतले. नवरा तेव्हा सरकी टाकायला मागच्या अंगणात गेला होता.

पोवाडा बाजाराच्या चौकात, ऊन उतरल्यावर झाला. सगळं गाव लोटलं. गादीवाली नवं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला नवरा. दुहेरी टाक्याचा उल्लेख कितव्या कडव्यात येतो याची ती वाट बघत होती. शाहिराने डफावर थाप मारली.

डाकिणीच्या पोटी आला, रक्तावरती पोसला,
घाट अडवुनी काळ होउनी वाटेवरती बसला,

असं सुरू झालं. तिला वाटलं, चालायचंच, सुरुवातीला थोडं तिखटमीठ लागतं. मग दाभणीचा भाला झाला. मापाची दोरी फास झाली. तिची स्वतःची उंची वाढली, आणि तिच्या डोळ्यांतून वीज पडू लागली. ती चुळबुळ करू लागली. तेवढ्यात शाहिराचा आवाज खाली आला, मागे सूर धरणारे त्याचे दोघे साथीदारही हळू झाले, आणि त्याने म्हटलं:

पती म्हणाला, थांब जरा तू, पहिला माझा वार,
एका घासी गिळला त्याला, उरला हाहाकार.

चौकात हुंदका फुटला. गादीवालीने वळून नवऱ्याकडे बघितलं. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. पलीकडे सासूबाई पदर डोळ्यांना लावून ढसाढसा रडत होत्या. नवऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी मोठ्याने सांगितलं, की आई, मी इथेच आहे. सासूबाईंनी त्याचा हात थोपटला आणि म्हणाल्या, "तू आहेस रे बाबा. पण तो गेला ना."

आडवा झाला, आडवा झाला, डोंगर आडवा झाला, अशी शेवटची ओळ येईपर्यंत लोक उभे राहिले होते. गादीवालीही उठली. हे सगळं खोटं आहे, मी गादी केली होती, असं तिला सांगायचं होतं. पण उभी राहिल्याबरोबर असा टाळ्यांचा कडकडाट झाला की आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलंय.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद पडल्यासारखंच झालं. जिने राक्षस मारला तिला, माझी उशी जरा मऊ करून द्या, असं सांगायची कुणाची छाती होईना. माणसं दुकानासमोरून जाताना चपला काढून, वाकून जात. येत होती ती भलतीच माणसं. एकाच्या विहिरीत भूत होतं आणि ते पाणी ओढताना बादलीत बसून वर येई. त्याला भुताचा शिरच्छेद करून हवा होता. एका बाईच्या धान्याच्या कणगीत दोन तोंडांचा साप निघाला होता, आणि दोन्ही तोंडं रात्रभर एकमेकांशी भांडत. शेजारच्या गावाचं शिष्टमंडळ आलं, त्यांना एक आख्खा ड्रॅगन मारून पाहिजे होता. गादीवालीने त्यांना भट्टीवाल्याचा ड्रॅगन बघायला पाठवलं. त्याने यांच्या अंगावर खोकला काढला आणि शिष्टमंडळ भुवया जाळून घेऊन परत गेलं.

नवऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. लोक त्याच्याजवळ त्याच्याच मरणाबद्दल हळहळ व्यक्त करत. तुमचे बंधू फार शूर होते, असं एकाने त्याला रस्त्यात थांबवून सांगितलं. मीच तो, असं तो सुरुवातीला सांगून बघे, पण लोक त्याच्या मिशांवरच्या कापसाकडे बघत आणि विषय बदलत. त्यातच वीर विधवेसाठी मागण्या येऊ लागल्या. तेलाचा व्यापारी, त्याची पहिली बायको वारली होती, अंगरख्याला अत्तर लावून दारात उभा राहिला. दार नवऱ्याने उघडलं. व्यापाऱ्याने त्यालाच नोकर समजून, बाईंचा स्वभाव कसा आहे, असं दबक्या आवाजात विचारलं. नवऱ्याने बराच वेळ विचार केला. मग त्याने खरं ते सांगितलं, आणि व्यापारी पुन्हा आला नाही.

एवढ्यावर गादीवालीचा धीर सुटला. शाहीर धर्मशाळेत उतरला होता, तिथे जाऊन तिने त्याला फैलावर घेतलं. शाहीर मान खाली घालून ऐकत राहिला. तिचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, की बाई, गादी झाली हे मला तेव्हाच समजलं होतं; फक्त यजमान जिवंत आहेत एवढंच कळलं नाही. मग तो म्हणाला, की खरं तेच गावं अशी तुमची इच्छा असेल तर मी खरं गाईन. माणूस मनाने वाईट नव्हता. त्याने दोन दिवस खपून नवा पोवाडा बांधला, गादीवालीने शेजारी बसून तो तपासला, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी तो चौकात झाला.

टाका दुहेरी, शिवण दुहेरी, कोपरा केला गोल,
वीतवीतभर अंतर गाठी, कापूस भरला खोल.

एक ओळही खोटी नव्हती. चौथ्या कडव्याला पहिल्या रांगेतल्या माना कलल्या. सातव्याला नगरप्रमुख खुर्चीत तिरके झाले. मागे धरणाऱ्यांपैकी एकजण उभ्याउभ्या झोपला आणि दुसऱ्याने त्याला धरलं. गादीवाली हट्टाने डोळे ताणून बसली होती. कोपऱ्यांबद्दलचं कडवं तिला विशेष आवडलं होतं. पण तिथेच तिची मान नवऱ्याच्या खांद्यावर पडली. जाग आली तेव्हा चौक सामसूम होता, शाहीर डफावर हनुवटी टेकून बसला होता आणि सासूबाई विचारत होत्या, की तो माझ्या मुलाचा पोवाडा आज का नाही म्हटला.

गादीवालीने शाहिराला एवढंच सांगितलं, की जुनाच म्हणा. त्यानंतर ती बरेच दिवस कुणाशी धड बोलली नाही, आणि गल्लीत लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

इकडे पोवाडा गाडीवानांच्या तोंडी बसला. गाडीवान तो गात गात घाट चढू लागले, आणि व्हायचं तेच झालं. राक्षसाच्या कानावर गेलं की आपण मेलो.

पुढचा पोवाडा गावाबाहेरच्या मैदानात होता, कारण चौकात माणसं मावेनाशी झाली होती. दुपार कलली होती. शाहीर रंगात आला होता, भाला नुकताच उगारला होता, तेवढ्यात जमीन हलली. डोंगराच्या बाजूने राक्षस येत होता. घाईत नव्हता, झाडं वाकवून बाजूला सारत, पाय जपून टाकत येत होता. लोकांनी काय पळावं! नगरप्रमुख सर्वांत पुढे होते, ते सगळ्यांना दिसले. मैदानात राहिली चारच माणसं. शाहीर उगारलेल्या हातासकट तिथेच उभा होता. सासूबाईंना काही ऐकू आलं नव्हतं आणि त्यांची पाठ डोंगराकडे होती. नवरा आईला सोडून जाईना. आणि गादीवालीने पळणं शक्यच नव्हतं. तिला राक्षसाची मान बघायची होती.

राक्षस मैदानाच्या कडेला मांडी घालून बसला.

"माझं गाणं इथेच चाललंय ना?" त्याने विचारलं. "म्हणा. पहिल्यापासून म्हणा."

शाहिराच्या हातातला डफ आपोआपच वाजत होता, इतके त्याचे हात कापत होते. त्याने डाकिणीपासून सुरुवात केली. आवाज फुटत होता, पण शब्द पाठ होते. राक्षस गुडघ्यावर कोपर आणि तळहातावर गाल ठेवून ऐकत राहिला. नवऱ्याला गिळल्याच्या कडव्याला त्याचा खालचा ओठ थरथरला. शेवटी त्याचं स्वतःचं मरण आलं. त्याच्या छातीत भाला गेला, तो डोंगरासारखा कोसळला, पाखरं उडाली, घाट सुना झाला. राक्षस रडला. त्याचं एकेक टिपूस घागरभर होतं, ते मातीत पडल्यावर चिखल झाला. झाडांमागे, भिंतींआड लपलेले लोक हे बघत होते. एकेक करून ते परत येऊ लागले. कारण रडणाऱ्याला कसं घाबरायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

नाक पुसून झाल्यावर राक्षसाने पुन्हा म्हणायला सांगितलं. शाहिराने पुन्हा म्हटला, या वेळी चांगला म्हटला. मग राक्षस सावकाश म्हणाला, "सगळं छान आहे. माझ्यावर आजवर कुणी काही रचलं नव्हतं. आरडाओरडा करायचे, पण गाणं नाही. फक्त एक सांगायचंय. माझी आई डाकीण नव्हती. ती मला झोपवताना गुणगुणायची."

शाहिराने डफ खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. तो तिथल्या तिथे म्हणाला:

माउलीच्या पोटी आला, गाण्यावरती पोसला.

राक्षसाने ती ओळ दोनदा पुटपुटून बघितली आणि मान डोलावली. आता झालं, हीच वेळ आहे, असं नवऱ्याला वाटलं. तो उभा राहिला. अंगावरचा कापूस झटकला. आणि अख्ख्या गावासमोर, लग्नानंतर केलेलं सर्वांत लांब भाषण त्याने केलं. त्याने सांगितलं की ज्या अर्थी एक ओळ बदलली त्या अर्थी आणखी एक बदलता येईल. आपल्याला गिळलेलं नाही. आपण पिंजायचं काम चोख केलं होतं आणि फक्त थोडा डोळा लागला होता. तरी शाहिरांनी कृपा करून आपल्याला जिवंत करावं.

शाहिराने राक्षसाकडे बघितलं. राक्षस अवघडला.

"खरंय त्यांचं," तो म्हणाला. "मी गिळलं नाही त्यांना. पण मला तिथेच तर भरून येतं."

लोकांमधून कुजबुज झाली. नगरप्रमुखांनी, पळाल्याचं विसरलं जावं म्हणून, लगेच हात वर करून मतं घेतली. ज्यांना पती मेलेलाच हवा होता त्यांचे हात शेतातल्या पिकासारखे उभे राहिले. सासूबाईंना कशाबद्दल हात वर करायचा ते समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले. नवऱ्याने शेवटच्या आशेने बायकोकडे बघितलं. गादीवाली पदराशी चाळा करत दुसरीकडे बघत होती. तिचा हात वर नव्हता, पण पुरता खालीही नव्हता.

तो खाली बसला. नंतर त्याने कबूल केलं, की कडवं चांगलं होतं यात वाद नाही.

राक्षस उठायला लागला, तेव्हा त्याला आठवलं. गादी मधोमध जरा खाली बसलीय, तो गादीवालीला म्हणाला, जरा येऊन बघाल का.

"खाली बसली?" गादीवाली ताडकन उठली. "माझी गादी? तू पोटावर झोपतोस. सांगितलं होतं ना कुशीवर झोपायचं म्हणून?"

मग तिला अडवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. गादीला महिन्यातून एकदा ऊन दाखवायचं असतं हे तिने सांगितलं होतं की नव्हतं? गादीवर बसून काही खाल्लं होतं का? खरं सांग. राक्षसाने खाल्लं होतं. तो गुडघ्यांवर हात ठेवून, मान घालून ऐकत होता, आणि मधूनच, हो बाई, चुकलं बाई, असं म्हणत होता. जिच्या नुसत्या नावाने लोक वाकत होते ती बाई राक्षसाला चादर कशी झटकायची ते हातवारे करून शिकवत होती. शिंप्याची बायको शेजारणीला हळूच म्हणाली, की आमचीही गादी मधे बसलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ती गादी गुंडाळून घेऊन आली, आणि दुपारपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

राक्षस प्रत्येक पोवाड्याला येऊ लागला. एकदा भारावून त्याने धरणाऱ्यांच्या मागे सूर लावला, तेव्हा सात घरांची कौलं घसरली. तेव्हापासून त्याने फक्त ओठ हलवायचे असं ठरलं.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या, अखेरपर्यंत त्यांना दोन मुलगे होते, एक शूर आणि एक घरातला, आणि दोघांवर त्यांची माया सारखीच होती. गादीवालीची नजर अधू झाली. सुईत दोरा ओवायला नवरा लागू लागला. शाहीरही थकला आणि त्याच्या पुतणीने डफ उचलला. मुलगी हुशार होती, कामाची पक्की होती. तिला गाण्यात खोटं चालत नसे. काकांच्या पोवाड्यात काय खरं, काय रचलेलं, ते मुळातून विचारून घ्यावं म्हणून एका सकाळी ती दुकानात आली. उशीवर बसली आणि म्हणाली, की आजी, जे झालं तेच सांगा, मला लढाई नको.

गादीवालीने हातातलं काम बाजूला ठेवलं. समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिची पाठ ताठ झाली.

"घाटावर धुकं होतं," तिने सुरुवात केली. "भाला मी डाव्या हातात धरला होता. तुझा काका उजवा म्हणतो, ते चूक आहे."

पुतणीने नवऱ्याकडे बघितलं. त्याची धनुकली थांबली होती. खरं सांगणारा त्या दुकानात आता तो एकटाच उरला होता, आणि तारेवरचा कापूस हलकेच सोडवत तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

"आणि हे?" पुतणीने विचारलं.

"हे पुढे गेले," गादीवाली म्हणाली. "मी नको म्हणत होते. ऐकलं नाही."

"नाही ऐकलं," नवरा म्हणाला, आणि पुन्हा पिंजायला लागला.